आत्याची शाखा कुणी बंद केली?

गेल्या रविवारी सकाळी सकाळी आत्याचा फोन आला. तिच्या फोनचा क्रम ठरलेला असतो. आधी पावसाची चौकशी, मग माझ्या वजनाची, मग मुलांच्या शाळेची आणि शेवटी खरं काम. या वेळी मात्र तिने एकदम मुद्द्यालाच हात घातला.

"अरे, तू ते बँकांच्या कॉम्प्युटरचं काम करतोस ना?"

"हो, म्हणजे पूर्वी करायचो. का गं?"

"मग मला सांग, आमची बँक कुणी बंद केली?"

प्रकार असा झाला होता. आत्याच्या गावात (तालुक्याचं गाव, कृष्णेच्या काठचं, नाव राहू दे) दोन सरकारी बँका होत्या. एक पेठेत, देवळाच्या शेजारी. दुसरी गावाबाहेर, मार्केट यार्डाजवळ. पुढे या दोन बँकांचं विलीनीकरण झालं. पेठेतल्या शाखेवरचा बोर्ड बदलला तेव्हा आत्याला काहीच वाटलं नाही, कारण आतली माणसं तीच होती. मग एकाच बँकेच्या दोन शाखा एका गावात कशाला, असा विचार वर कुठेतरी झाला आणि पेठेतल्या दाराला एक कागद चिकटला. शाखा मार्केट यार्डातल्या शाखेत 'समाविष्ट'. अंतर अडीच किलोमीटर, आणि वर जिना. आत्या ७६ वर्षांची आहे. आतोबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, त्यांची फॅमिली पेन्शन त्या खात्यात येते. गुडघे कधीच गेलेत. रिक्षावाला जाऊन-येऊन शंभर रुपये मागतो.

मी तिला म्हटलं, "आत्या, आता सगळं मोबाइलवर होतं. जायची गरजच नाही." यावर ती जे म्हणाली ते आठवडाभर डोक्यात घोळतंय. "ते मला माहीत आहे रे. मी विचारलं काय आणि तू सांगतोयस काय!"

तर मंडळी, तिने जे विचारलं त्याचं उत्तर शोधायचा हा प्रयत्न. उत्तर वाटलं तेवढं सोपं निघालं नाही, आणि शोधता शोधता आरोपींच्या यादीत माझंही नाव आलं.

आधी थोडी घरची पार्श्वभूमी. आमचे वडील, अण्णा, बँकेत क्लार्क होते आणि ऑफिसर म्हणून रिटायर झाले. त्यामुळे लहानपणी शाळा सुटल्यावर माझा बराच वेळ बँकेच्या बाकावर गेला आहे. तेव्हाची बँक ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पैसे काढायचे तर स्लिप भरून काउंटरवर द्यायची आणि पितळी टोकन घ्यायचं. ती स्लिप मग आत प्रवासाला निघायची. आधी लेजर-क्लार्ककडे. तो ते भलंमोठं लेजर उघडणार, तुमचं पान काढणार, शिल्लक बघणार, नोंद करणार. मग ऑफिसर सहीचं कार्ड काढून सही ताडून बघणार. मग स्लिप कॅशियरकडे. तो जाळीच्या पिंजऱ्यातून टोकनचा नंबर पुकारणार. या सगळ्याला अर्धा तास ते एक तास आरामात जायचा, आणि मध्ये जेवणाची सुट्टी आली तर बोलायलाच नको.

संध्याकाळी दार बंद झालं की खरी गंमत सुरू व्हायची. दिवसभराच्या नोंदींची बेरीज कॅशशी जुळली पाहिजे. जुळली तर "टॅली झालं!" अशी आरोळी आणि सगळे घरी. नाही जुळली तर रात्रीचे आठ वाजोत की नऊ. दोन रुपयांचा फरक शोधण्यासाठी अण्णा रात्री दहाला घरी आलेले मला आठवतात. आई म्हणायची, "अहो, दोन रुपये मी देते, पण वेळेवर घरी या." अण्णांना तो विनोद कधीच कळला नाही. दोन रुपयांचा फरक म्हणजे कदाचित दोन हजार एकीकडे चुकले आणि एक हजार नऊशे अठ्ठ्याण्णव दुसरीकडे, हे त्यांना ठाऊक होतं. पुढे मी जेव्हा डिबगिंग करू लागलो तेव्हा मला त्यांचं म्हणणं पटलं :-)

सेव्हिंग खात्याच्या व्याजाचीही एक कथा आहे. जुन्या लोकांना आठवत असेल, पैसे दहा तारखेच्या आत भरायचे असा एक अलिखित दंडक घरोघरी होता. का? तर महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत खात्यात जी सर्वात कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज मिळायचं. अकरा तारखेला भरलेल्या पैशाला त्या महिन्यात शून्य. यात बँकेचा फायदा होताच, पण त्यामागे साधं गणितही होतं. हजारो खात्यांची रोजची शिल्लक धरून हाताने व्याज काढणं माणसाला शक्यच नव्हतं. महिन्याला एक आकडा काढायचा, सहा महिन्यांची बेरीज करायची, तरी जून आणि डिसेंबरात सगळा स्टाफ रात्री जागायचा. १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेने रोजच्या शिल्लकेवर व्याज द्यायला लावलं. तोवर बहुतेक शाखा कॉम्प्युटरवर आल्या होत्या, म्हणून ते शक्य झालं. म्हणजे ज्या कॉम्प्युटरला आपण शिव्या देतो त्याने सामान्य खातेदाराला वीस दिवसांचं व्याज मिळवून दिलं, हे आधी नोंदवून ठेवतो. पुढे उपयोगी पडेल.

आता इतिहासाकडे. आमच्या भागाला बँका सरकारने दिल्या असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात, साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंतच्या पट्ट्यात, लोकांनी स्वतःच्या बँका काढल्या होत्या. सांगलीत १९१६ साली सांगली बँक. कुरुंदवाडसारख्या छोट्या गावात १९२० साली गणेश बँक. मिरजेत १९२९ साली मिरज स्टेट बँक. साताऱ्यात १९३६ साली अण्णासाहेब चिरमुल्यांची युनायटेड वेस्टर्न बँक. (याच चिरमुल्यांनी १९१३ साली साताऱ्यातच वेस्टर्न इंडिया ही विमा कंपनी काढली होती. साताऱ्यात बसून विमा कंपनी! आज कुणी असा विचार तरी करेल का?) त्याच सुमाराला पुण्यात प्राध्यापक वामन गोविंद काळे आणि मंडळींनी बँक ऑफ महाराष्ट्रची १९३५ मध्ये नोंदणी करून १९३६ मध्ये कामकाज सुरू केलं. कोल्हापुरात १९४३ साली रत्नाकर बँक आली.

नकाशा घेऊन बसलात तर यातल्या बऱ्याच बँका हाकेच्या अंतरावर दिसतील. कारण तिथे पैसा होता आणि तो हलत होता. सांगलीची हळद, कोल्हापूरचा गूळ, पेठांमधली अडत दुकानं. हंगामात अडत्याला रोख लागायची आणि हंगाम संपला की ती परत यायची. मुंबईच्या मोठ्या बँकेला कुरुंदवाडच्या व्यापाऱ्याची पत कशी कळणार? ती कुरुंदवाडच्याच माणसाला कळायची. या बँकांचं भांडवल म्हणजे पैशांइतकीच ही माहिती होती, असं मला आता वाटतं.

अर्थात ही माहिती प्रत्येक वेळी वाचवायची असं नाही. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, आणि त्याच वर्षी केरळात पलाई सेंट्रल बँक बुडाली. लोकांचे कष्टाचे पैसे अडकले. या दोन धक्क्यांनंतर देशात ठेवींना विम्याचं संरक्षण आलं, १ जानेवारी १९६२ पासून. सुरुवातीला माणशी फक्त १,५०० रुपयांचं. (ते १९९३ मध्ये एक लाख झालं आणि २०२० मध्ये पाच लाख.) आणि दुबळी बँक दुसऱ्या बँकेत सक्तीने विलीन करायचा अधिकारही रिझर्व्ह बँकेच्या हाती आला. हे हत्यार लक्षात ठेवा.

मग आली १९ जुलै १९६९ ची रात्र. इंदिरा गांधींच्या सरकारने वटहुकूम काढून १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं. निकष होता ५० कोटींच्या वर ठेवी. बँक ऑफ महाराष्ट्र त्यात आली. आमच्या सांगली-साताऱ्याच्या बँका त्या मापात बसल्या नाहीत. १९८० मध्ये आणखी ६ बँका घेतल्या, तेव्हा निकष २०० कोटींचा होता. तेव्हाही त्या सुटल्या. अण्णा म्हणायचे, "सरकारला आपण फार लहान वाटलो, म्हणून वाचलो." नंतर मला वाटू लागलं की वाचलो हा शब्द तेव्हाच घाईने वापरला गेला.

राष्ट्रीयीकरणावर भांडणारे आजही भांडतात. मी फक्त शाखांपुरतं बोलतो. १९६९ मध्ये अख्ख्या देशात बँकांच्या शाखा होत्या ८,२६२, म्हणजे साधारण ६५ हजार लोकांमागे एक. त्यातल्या ग्रामीण जेमतेम २२ टक्के. १९७७ मध्ये रिझर्व्ह बँकेने एक नियम आणला: जिथे बँक आहे अशा ठिकाणी एक नवी शाखा हवी असेल तर आधी जिथे बँकच नाही अशा चार ठिकाणी शाखा उघडा. हा एकास चारचा नियम १९९० पर्यंत चालला. १९९१ पर्यंत शाखा ६० हजारांवर गेल्या आणि साधारण १४ हजार लोकांमागे एक शाखा झाली. आत्याच्या गावातली पेठेतली शाखा याच काळातली. ती नफ्यासाठी उघडलेली नव्हती, नियमासाठी उघडलेली होती. त्यामुळे नियम बदलल्यावर तिचं काय होणार हेही तेव्हाच ठरलं होतं म्हणायचं.

नियम बदलला तो १९९१ च्या नरसिंहम समितीनंतर. आता बँकेने नफा दाखवायचा, भांडवल राखायचं, बुडीत कर्ज लपवायचं नाही. यात चूक काहीच नव्हती. कर्जमाफ्या आणि 'कर्जमेळावे' यांनी बँकांची काय दशा केली होती ते अण्णांकडून भरपूर ऐकलंय. पण परिणाम असा झाला की ग्रामीण शाखा १९९१ मध्ये ३५ हजारांच्या घरात होत्या, त्या २००६ पर्यंत साडेतीस हजारांच्या आसपास आल्या. काही नुसत्या कागदावर निमशहरी झाल्या हे खरं, पण काही खरोखरच हलल्या किंवा मिटल्या. आणि इथे नीट बघा: तेव्हा मोबाइल बँकिंग नव्हतं. खेडोपाडी इंटरनेट नव्हतं. म्हणजे आत्याच्या खटल्यातला पहिला संशयित, कॉम्प्युटर, त्या वेळी तरी घटनास्थळी हजर नव्हता!

तो येत होता, पण हळूहळू. १९८३ साली बँकांचं व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांबाबत पहिला मोठा करार झाला. नोकऱ्या जातील ही भीती होती आणि ती खोटी नव्हती. त्यानंतर रंगराजन समितीच्या शिफारशींवरून शाखांमध्ये जी यंत्रं आली त्यांचं नाव 'अॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन'. अण्णा गमतीने सांगायचे की कॉम्प्युटर म्हटलं असतं तर संप झाला असता, म्हणून मशीन म्हटलं. मग १९९८ मध्ये केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी फर्मान काढलं: १ जानेवारी २००१ च्या आत बँकांनी ७० टक्के व्यवसाय कॉम्प्युटरवर आणावा. दक्षता आयोगाला कॉम्प्युटरशी काय घेणं? तर हाताने लिहिलेल्या लेजरात घोटाळे लपायला जागा खूप असते. म्हणजे शाखांमध्ये कॉम्प्युटर शिरला तो वेगासाठी, तसाच चोऱ्या पकडण्यासाठीही.

आणि त्यानंतर आलं कोअर बँकिंग. इथे माझी एन्ट्री.

कोअर बँकिंग म्हणजे काय ते एका वाक्यात सांगतो. आधी खातं शाखेचं होतं, मग ते बँकेचं झालं. पूर्वी तुमचं लेजर कराडच्या शाखेत असेल तर पुण्याच्या शाखेला तुम्ही कोण हे ठाऊकच नसायचं. पैसे पाठवायचे तर ड्राफ्ट, नाहीतर तार. तारेत एक गुप्त आकडा असायचा. तो कुलुपात ठेवलेल्या कोडबुकावरून काढायचा आणि समोरच्या शाखेने आपल्या पुस्तकावरून ताडून बघायचा. (आजचा ओटीपी हा त्याचाच नातू समजा.) कोअर बँकिंगमध्ये सगळ्या शाखांची सगळी लेजरं एका मध्यवर्ती डेटाबेसमध्ये गेली. शाखा म्हणजे त्या डेटाबेसकडे बघणारी एक खिडकी राहिली. आणि एकदा शाखा खिडकी झाली की ती खिडकी एटीएममध्ये, ब्राउझरमध्ये, मोबाइलमध्ये, कुठेही बसवता येते. पुढचं सगळं या एका बदलातून आलं.

२००४ च्या सुमारास मी एका बँकेच्या मायग्रेशन टीममध्ये होतो. बँकेचं नाव सांगत नाही. काम असं की शाखेतला जुना डेटा नव्या सिस्टीममध्ये न्यायचा. त्यासाठी आधी तो साफ करायचा. किती मजेशीर डेटा असायचा म्हणून सांगू! शेकडो खातेदारांचा जन्म एकाच दिवशी, १ जानेवारी १९०० ला, कारण तारीख माहीत नसली की आधीच्या मशीनमध्ये कुणीतरी तेच टाकलेलं. एका शाखेत नुसत्या 'सौ. पाटील' सतरा.

अशाच एका तालुक्याच्या शाखेत आम्ही रात्री जुनी लेजर-पानं पडताळत बसलो होतो. काही पानांवर कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरात काही लिहिलेलं होतं. 'अंगठा. ओळख शिपाई मामा देतील.' 'डोळ्याने अधू, रक्कम मोठ्याने सांगावी.' 'मुलगा बरोबर असल्यास एकटीला विचारूनच पैसे द्यावेत.' हे शेवटचं वाचून मी जरा थांबलो. रिटायरमेंटला आलेले हेड कॅशियर शेजारी उभे होते. त्यांनी विचारलं, "साहेब, हे पेन्सिलीचं कुठं जाणार?"

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, ते सत्तावन्न-अठ्ठावन्नचे, आणि ते मला साहेब म्हणत होते. मी म्हटलं, "काका, याला फील्ड नाहीये. हे स्कोपमध्ये येत नाही." ते "बरं" म्हणाले आणि गेले. फील्ड करता आलं असतं. एक शेरा नावाचा रकाना वाढवायचा, बस्स. पण वेळापत्रक होतं, टेस्टिंग संपलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते महत्त्वाचं वाटलं नाही. त्या रात्री ती शाखा 'लाइव्ह' झाली, एकही पैशाचा फरक नाही. आम्ही पहाटे मिसळ खाऊन ते साजरं केलं.

आता मी नुसतं हळहळून थांबलो तर ती लबाडी होईल. कारण त्याच लेजरांमध्ये आणखी एक पेन्सिलीची नोंद होती. गावातल्या एका वस्तीचं नाव, आणि पुढे 'कर्ज देताना जपून'. माणसाचं नाव नाही, वस्तीचं. त्या वस्तीतल्या किती जणांना त्या चार शब्दांमुळे मॅनेजरच्या केबिनच्या दारातून परत जावं लागलं असेल? ओळखीची बँक ही ज्यांची ओळख होती त्यांचीच होती. आत्या मास्तरांची बायको, तिला खुर्ची मिळायची. तिच्याच गावातल्या मजूर बाईला काउंटरवर उभं राहायलाही भीती वाटायची. ती दुसरी नोंदही माझ्यामुळे पुसली गेली, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. मशीनला वस्ती दिसत नाही. (निदान तेव्हा दिसत नव्हती. आता पिनकोड बघून कर्ज नाकारणारे प्रोग्राम लिहिले जाऊ शकतात, तो वेगळ्या लेखाचा विषय.)

असो. इकडे आमच्या खोऱ्यातल्या बँकांचं काय झालं? मिरज स्टेट बँक १९८५ मध्येच युनियन बँकेत गेली होती. २००५ मध्ये रिझर्व्ह बँकेने खाजगी बँकांना किमान ३०० कोटींची नक्त मालमत्ता हवी असं सांगितलं. लहान बँकांसाठी तो डोंगर होता. कोअर बँकिंगचा खर्चही वेगळाच, कारण सॉफ्टवेअरचं असं असतं की दोनशे शाखांच्या बँकेला आणि दोन हजार शाखांच्या बँकेला ते घ्यावंच लागतं, आणि पहिलीला ते शाखेमागे फार महाग पडतं. त्यात बुडीत कर्जं. कुरुंदवाडची गणेश बँक २००६ मध्ये फेडरल बँकेत विलीन झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर निर्बंध आले आणि ऑक्टोबरात ती आयडीबीआयमध्ये गेली. १९६० नंतर मिळालेलं ते सक्तीचं हत्यार इथे वापरलं गेलं. पुढच्या एप्रिलमध्ये, २००७ ला, सांगली बँक स्वतःहून आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली. सांगलीच्या ९२५ शेअरना आयसीआयसीआयचे १००. वर्षा-दीड वर्षात अख्खं खोरं रिकामं झालं. उरली ती रत्नाकर, आणि तिनेही पुढे २०१४ मध्ये आरबीएल असं नाव घेतलं.

पण या कथेतली सगळ्यात विचित्र गोष्ट ही की तेव्हा या बँका घ्यायला गिऱ्हाइकं होती! का? तर शाखांसाठी. युनायटेड वेस्टर्नच्या सव्वादोनशेच्या वर शाखा, सांगली बँकेच्या दोनशेच्या आसपास. २००६ मध्ये पश्चिम महाराष्ट्रातली पेठेतली शाखा म्हणजे सोनं होतं. आणि त्याच २००६ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने एक परिपत्रक काढलं ज्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही: बँकांना आपल्या वतीने गावात 'बिझनेस करस्पाँडंट' नेमायची परवानगी. म्हणजे शाखेशिवाय बँक. आज ज्याला आपण बँक मित्र म्हणतो तो तिथून आला. एका हाताने शाखांची खरेदी चालू होती, आणि दुसऱ्या हाताने शाखेची गरजच संपवायला सुरुवात झाली होती.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. २००४ मध्ये आरटीजीएस, २००५ मध्ये एनईएफटी, २०१० मध्ये आयएमपीएस, २०१४ मध्ये जनधन, ११ एप्रिल २०१६ ला यूपीआय, आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयवर एका महिन्यात १,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. टोकन घेऊन तासभर बसलेल्या माणसाला हे सांगितलं तर तो वेड्यात काढेल. आणि वरून विलीनीकरणं: २०१७ मध्ये स्टेट बँकेत तिच्या पाच सहयोगी बँका, २०१९ मध्ये देना आणि विजया बँक ऑफ बडोदात, १ एप्रिल २०२० ला दहा सरकारी बँकांच्या चार. जिथे जिथे दोन बोर्ड एकाच नावाचे झाले तिथे तिथे एक दार बंद व्हायची वेळ आली.

गंमत अशी की देशातल्या शाखांची एकूण संख्या आजही १९९१ च्या दुपटीहून जास्त आहे. म्हणजे 'शाखा संपल्या' असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. शाखेचा अर्थ बदलला. पूर्वी शाखेकडे लेजर होतं आणि अधिकार होता. आता लेजर डेटा सेंटरमध्ये, कर्जाचा निर्णय विभागीय कार्यालयात, आणि शाखेकडे विम्याची टार्गेट्स.

मग शाखा कुणी बंद केली? कॉम्प्युटरने एकट्याने नाही, हे तारखांवरून दिसतं. सरकारने नियमाने उघडली होती आणि नियमानेच मिटली. लहान बँका काही अंशी स्वतःच्या बुडीत कर्जांनी मेल्या. आपण सगळ्यांनी, ज्यांना चालता येतं आणि वाचता येतं त्यांनी, शाखेत जाणंच सोडलं, आणि मग बँकेने हिशेब केला तेव्हा तिथे फक्त आत्यासारखी माणसं उरलेली दिसली. आणि मी एका रात्री एक रकाना गाळला.

याहून वेगळं करता येतं का? आमच्याच सातारा जिल्ह्यात म्हसवडला १९९७ मध्ये चेतना गाला सिन्हा यांनी माणदेशी महिला बँक सुरू केली. पहिला अर्ज नाकारला गेला होता, कारण प्रवर्तक बायकांचे अंगठे होते. त्या बायका लिहा-वाचायला शिकल्या आणि व्याजाचं गणित तोंडी करून दाखवायला रिझर्व्ह बँकेत गेल्या. ती बँक कॉम्प्युटर वापरते आणि दारापर्यंतही जाते. म्हणजे दोन्ही जमतं. पण मोठ्या बँकेच्या एक्सेल शीटमध्ये त्याला फील्ड नसावं.

फोनवर पटेना म्हणून या शनिवारी मीच गावी गेलो. हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, २०२१ पासून. (बोटांचे ठसे आत्याचे लागतच नाहीत, आयुष्यभर भांडी घासून पुसले गेलेत.) म्हटलं दाखवून ठेवावं, म्हणजे नोव्हेंबरात हेलपाटा नको. आत्याने लक्ष देऊन बघितलं आणि म्हणाली, "छान आहे. आता चल, बँकेत जाऊ." शनिवार पहिला होता, बँक चालू. गेलो रिक्षाने. जिना चढायला सात मिनिटं लागली.

काउंटरवर एक तरुण मुलगी होती, ओडिशाची, बदलीवर आलेली. मराठी शिकतेय. आत्याने पासबुक पुढे केलं आणि दहा मिनिटांत तिला आपला गुडघा, आतोबांची शाळा आणि पेठेतली शाखा, असं सगळं सांगून टाकलं. मागे रांग वाढत होती, मला ओशाळल्यासारखं झालं. पण मुलगी ऐकत होती. मग तिने एक पिवळी चिठ्ठी घेतली, त्यावर काहीतरी लिहिलं आणि मॉनिटरच्या कडेला चिकटवली. मी वाकून बघितलं. खाते नंबरचे शेवटचे चार आकडे, आणि पुढे हिंदीत: 'आजी सीढ़ी नहीं चढ़ सकतीं, फोन करें तो नीचे जाना।'

तीन वर्षांनी तिची बदली होईल. चिठ्ठी त्याच्या आधीच पडेल. घरी येताना आत्या रिक्षात म्हणाली, "पोरगी चांगली आहे हो." मी तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं, १९६९ पासून सुरुवात करणार होतो. तिने थांबवलं. "राहू दे आता. पुढच्या वेळी येशील तेव्हा तिच्यासाठी पुण्याहून बाकरवडी घेऊन ये."